चटई मिनिट

तक्रार मोठी नाही. मिनिटांची आहे, म्हणून इतकी वर्षं कुणाकडे केली नाही.

२०१४ साली मी पुनावळ्यात फ्लॅट घेतला. ब्रोशरच्या शेवटच्या पानावर नकाशा होता. त्यातले रस्ते पट्टीने आखलेले, कडेला एकसारखी गोल झाडं, आणि आमच्या इमारतीतून निघालेला एक बाण ‘हिंजवडी आयटी पार्क : ७ मिनिटे’ असं सांगून थांबलेला. मी संगणक अभियंता. आकडा दिसला की तो कसा मोजला हे विचारायची सवय. सेल्स ऑफिसातल्या मुलाला विचारलं.

“सर, गाडीनं मोजलंय.”

“कधी?”

“सकाळी.”

“किती वाजता?”

“साडेचार.”

“वार?”

त्याने चहा मागवला. चहा चांगला होता. मी टोकन देऊन आलो.

तेव्हापासून ऑफिसला निघताना आणि पोचल्यावर मी एका एक्सेलमध्ये वेळ टिपून ठेवतो. भूमकर चौकाच्या बोगद्यातून शिवाजी चौक, तिथून फेज एक, दोन आणि मग आमचं फेज तीन. साधारण दिवशी पंचावन्न मिनिटं. पाऊस पडून बोगद्यात पाणी साचलं तर त्या रकान्यात मी वेळ लिहीत नाही, ‘पाऊस’ एवढंच लिहितो. पण बिल्डर खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, एक सर्व्हर बंद पडला म्हणून पोलिसांचा पास काढून मी ऑफिसला गेलो होतो. नऊ मिनिटं लागली. त्यातली दोन नाकाबंदीत, पास दाखवण्यात गेली. म्हणजे सात अगदी बरोबर होतं. ‘महासाथ असल्यास’ एवढी तळटीप तेवढी छापायची राहून गेली होती.

आता कायद्याचं बघू. २०१६ च्या रेरा कायद्याने ‘चटई क्षेत्र’ म्हणजे काय ते नीट बांधून दिलं. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या धरायच्या नाहीत, बाल्कनी वेगळी. त्याआधी सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खुर्चीसुद्धा आपण विकत घेत होतो. आता जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोडही असतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या, ताबा कधी मिळणार, सगळं समोर येतं. मिनिटाची व्याख्या मात्र सापडत नाही. माझी मागणी फार नाही. चौरस फुटाला जो न्याय मिळाला तोच मिनिटाला मिळावा. ब्रोशरवर चटई मिनिट छापावं आणि त्यावर किती लोडिंग आहे तेही छापावं. माझ्या हिशेबाने सातावर सुमारे सातशे टक्के.

हे मला जास्त लागतं, कारण ऑफिसात आम्ही वेळेच्या बाबतीत फार कडक आहोत. मागच्या तिमाहीत आमच्या टीमने पैसे भरायच्या पानाचा वेळ दोनशे मिलिसेकंदांनी कमी केला. केक कापला. केकवर आयसिंगने ‘२००’ लिहिलं होतं. तो केक ठरल्या वेळेनंतर पन्नास मिनिटांनी आला, कारण केकवालाही भूमकर चौकातूनच येत होता.

आणि सेकंद म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवू नये. पृथ्वी स्वतःभोवती थोडी संथ फिरते म्हणून १९७२ पासून जगाच्या घड्याळात अधूनमधून एक जादा सेकंद घालतात. आतापर्यंत असे सत्तावीस झाले. २०१२ सालच्या अशाच एका सेकंदाने जगभरचे बरेच सर्व्हर गोंधळून पडले होते. म्हणून शेवटच्या वेळी, १ जानेवारी २०१७ च्या पहाटे, आम्ही सहा जण ऑफिसात पहारा देत बसलो. आपल्याकडे तो सेकंद पाच वाजून एकोणतीस मिनिटं साठाव्या सेकंदाला आला आणि गेला. काही झालं नाही. हा सेकंद ठेवायचा की काढायचा यावर जगातले तज्ज्ञ वीसेक वर्षं भांडले, आणि शेवटी २०२२ मध्ये २०३५ पर्यंत तो बंद करायचा ठराव झाला. एका सेकंदासाठी एवढं. आमच्या बाणात अठ्ठेचाळीस मिनिटं वाढली, त्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा विषय निघाला नाही. सभा पार्किंगवरच संपली.

मेट्रोबद्दल मी बोलणार नाही. माण ते शिवाजीनगर, तेवीस स्थानकं, डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन, मार्च २०२५ ची मुदत, ती हुकली. आमच्या ऑफिसात याला स्पिलओव्हर म्हणतात आणि त्याचा राग धरत नाहीत. शिवाय ती पुनावळ्यावरून जातच नाही.

टँकरचंही थोडक्यात. पिंपरी-चिंचवड शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, त्यामुळे आमची सोसायटी निम्मी टँकरवर. ‘टँकर निघालाय, दहा मिनिटांत पोचेल’ असा सेक्रेटरी काकांचा मेसेज आला की चौथ्या मजल्यावरच्या वहिनी बादल्या भरून ठेवतात. त्यांचा काकांवर पूर्ण विश्वास आहे.

परवाची गोष्ट. मोबाईलने शिवाजी चौक लाल दाखवला आणि विनोदे वस्तीवरून लक्ष्मी चौकाकडे काढलं. (वस्तीचं नाव खरंच ते आहे, लेखासाठी ठेवलेलं नाही.) ‘सहा मिनिटे वाचतील’ असं तो म्हणाला. हे त्याने आणखी किती जणांना सांगितलं होतं ते पहिल्या वळणावरच कळलं. असला सल्ला देणारी प्रणाली कशी बांधतात हे मला ठाऊक आहे. एकेकाळी मीच त्या कामासाठी मुलाखत दिली होती. नापास झालो.

शेजारी उसाने भरलेला ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. कासारसाईच्या कारखान्याकडे निघाला असावा. उसाची पाचटं माझ्या आरशाला लागत होती. आमची दोघांची गती सारखीच असल्यामुळे हळूहळू ओळख झाली. मी काच खाली केली.

“दादा, कारखान्याला किती वेळ लागंल?”

त्याने पुढे पाहिलं, मागे ट्रॉल्यांकडे पाहिलं. “रस्ता सुटंल तसं.”

बारा वर्षांत या परिसरात मला मिळालेला हा पहिला अचूक अंदाज. एक्सेलमध्ये टाकायचा म्हणून मी फोन उचलला, तोच तो वाजला. साडेनऊचं स्टँडअप सुरू झालं होतं. मॅनेजरने आधी विचारलं, कालचा तो बग कधी सुटेल. मी म्हणालो, दोन दिवसांचं काम आहे. मग विचारलं, तू आहेस कुठे, क्लायंट लाइनवर आहे, किती वेळात पोचतोस?

मी म्हणालो, “दहा मिनिटं.”

ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं.