जावईबापू आणि मिक्सर

नाशिकला गंगापूर रोडवर मामेसासऱ्यांकडे उतरलो होतो. मदतीची हौस म्हणून शेंगदाण्याची चटणी वाटायला घेतली आणि मिक्सर घुर्र करून गप्प झाला. वास आला, तो चटणीचा नव्हता. "असू द्या हो जावईबापू, हल्ली तो असाच करतो," मामी म्हणाल्या. याचा अर्थ, काल रात्रीपर्यंत तो उत्तम चालत होता.

मग तज्ज्ञ जमले. एकाने प्लग काढून पुन्हा लावला. दुसऱ्याने मिक्सरला थापट मारली. मामांनी हातही न लावता "कार्बन ब्रश गेला" असा निकाल दिला. (सोयरिकीही ते अशाच जुळवतात.) मी तोंड वाचवायला 'सुमीत' मिक्सरची गोष्ट काढली: साठच्या दशकात माथुर नावाच्या इंजिनिअरच्या घरचा जर्मन मिक्सर बिघडला, इथे दुरुस्त होईना, म्हणून त्यांनी देशी मिक्सरच घडवला. कुणी हसलं नाही. माझ्याकडून तेवढी भरपाई अपेक्षित आहे की काय, असं वाटलं.

शेवटी फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "खालचं लाल बटण दाबा ना." मोटरवर जास्त भार आला की ते बटण वीज तोडतं, मोटर थंड झाल्यावर दाबलं की झालं काम. चालू झाला.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी प्लग काढा, मग भांडं काढा आणि मगच मिक्सर उलटा करा. आम्ही भांडं काढलं नव्हतं. मावशींनी फरशी पुन्हा पुसली.