डाव्या बाजूचं लिंबू

मराठी ताट वाढण्याची रीत ठरलेली आहे. मीठ वरच्या टोकाला, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी-आमटी आणि मधोमध भात. यजमान कितीही उदार असले, जिलबीसाठी शपथा घालणारे असले, तरी ‘आणखी चार लिंबं घ्याच’ असा आग्रह कुठल्याही पंगतीत होत नाही. फोडही अर्ध्या लिंबाची नसते, चतकोर असते, आणि तिच्यातल्या बिया काढलेल्या असल्या तर घर सुसंस्कृत समजावं. ही रीत घालून देणाऱ्यांना जीवनसत्त्वांचा पत्ता नव्हता, तेव्हा त्यांना द्रष्टे ठरवण्याचं कारण नाही. पण प्रमाण त्यांचं बरोबर होतं आणि आपलं चुकतंय, असं माझं म्हणणं आहे. हल्ली हे लिंबू डाव्या बाजूवरून उठून थेट भाताच्या जागी बसलं आहे. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू-मध, अकराला मोसंबीचा रस, जेवणानंतर दोन संत्री, आणि दिवसभरात काही राहून गेलं असेल म्हणून रात्री क जीवनसत्त्वाची नारिंगी गोळी.

या पंथाचा भूगोल पाहायचा तर पुणे-सोलापूर रस्त्याला लागावं. उरुळी कांचनला गांधीजींनी 1946 साली स्थापन केलेला निसर्गोपचार आश्रम आहे, आणि निसर्गोपचारात लिंबू-मध-पाण्याचा मान मोठा. तिथून यवतच्या दिशेने निघालं की दौंड तालुका लागतो आणि कासुर्डी येते. सगळा ऊसवाल्यांचा मुलूख. गुऱ्हाळं आहेत, आणि रस्त्याच्या कडेला कानिफनाथांच्या नाहीतर नवनाथांच्या नावाची रसवंती आहेच. तालुक्याच्या उत्तरेला भीमा, आणि भीमेच्या पलीकडे श्रीगोंदा, म्हणजे लिंबांचा तालुका. अलीकडचा ऊस आणि पलीकडचं लिंबू चरकात भेटतात. पाव लिटर रसात साखर सहज तीसेक ग्रॅम भरते. पण पिणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, ‘लिंबू आहे ना त्यात!’ तीस ग्रॅम साखरेचं पाप अर्ध्या लिंबाने फिटतं, अशी ही श्रद्धा. आश्रमातला माणूस निदान लिंबूपाण्याबरोबर उपासही करतो. गांधीजींनी 26 सप्टेंबर 1932 ला येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सोडलं ते संत्र्याच्या रसाने. रस ही उपोषणाची सांगता झाली. आपण उपोषण गाळलं आणि सांगता रोजची केली.

या फळांची कीर्ती खोटी नाही, हे आधी कबूल करायला हवं. 1747 मध्ये ‘सॅलिस्बरी’ या ब्रिटिश जहाजावर जेम्स लिंड या डॉक्टराने स्कर्व्ही झालेले 12 खलाशी घेतले आणि दोघादोघांना वेगवेगळे उपचार दिले. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, कुणाला गंधकाम्लाचे थेंब. दोघांच्या वाट्याला रोज दोन संत्री आणि एक लिंबू आलं, आणि तेच दोघे उठून कामाला लागले. आरमाराने खलाशांना लिंबाचा रस द्यायला सुरुवात केली ती 1795 मध्ये. फाईल कशी फिरते हे ज्यांनी तालुक्याच्या कचेरीत पाहिलं आहे, त्यांना या 48 वर्षांचं नवल वाटणार नाही. पण या प्रयोगाने सिद्ध काय झालं? ज्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व संपलं होतं, ते त्यांना मिळताच बरे झाले. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी दुप्पट घेतलं तर दुप्पट धट्टेकट्टे होतील, असं लिंड म्हणाला नव्हता. ते आपण म्हणतो. भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि बाईला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. शंभर ग्रॅम संत्र्यात ते पन्नासेक मिलिग्रॅम असतं, म्हणजे एक मोठं संत्रं खाल्लं की बराचसा हिशेब मिटला. भरलेल्या हंड्यात ओतलेलं पाणी अंगणातच जातं. एका ग्रॅमहून जास्त घेतलेल्या क जीवनसत्त्वातलं निम्म्याहून कमी आतड्यांतून शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्यातलं जादा लघवीवाटे निघून जातं. यात सर्वांत मोठा अन्याय पेरूवर झाला आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेहून अधिक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, आवळ्यात त्याहूनही जास्त. पण सकाळी उठून अनशापोटी पेरू खाल्ला तर कुणी त्याला आरोग्यसाधना म्हणत नाही. कागदी लिंबाच्या रसाने रोजची गरज भागवायची तर डझनभर लिंबं पिळावी लागतील. एप्रिल 2022 मध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं. त्या भावाने ही निरोगी राहण्याची हौस फक्त कारखान्याच्या अध्यक्षांना परवडली असती.

यावर पहिला आक्षेप सर्दीचा. ‘संत्र्याने सर्दी होते’ म्हणणारी आजी आणि ‘संत्र्याने सर्दी जाते’ म्हणणारा नातू एकाच घरात असतात, आणि दोघंही तितक्याच खात्रीने बोलतात. आजीचं चुकतं ते असं, की आंबिया बहराचं संत्रं आणि सर्दी दोन्ही थंडीतच येतात, आणि ज्याला हात लावता येतो त्यावर आळ घेणं सोपं. नातवाचा गुरू मात्र मोठा होता. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंगने 1970 मध्ये सर्दी आणि क जीवनसत्त्वावर पुस्तक लिहिलं आणि जगाला ग्रॅमच्या मापाने गोळ्या गिळायला लावलं. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. निष्कर्ष असा, की रोज जादा क जीवनसत्त्व घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मोठ्यांमध्ये तिचा मुक्काम साधारण 8 टक्क्यांनी कमी होतो. सात दिवसांच्या सर्दीतले तेरा-चौदा तास. मॅरेथॉन धावणारे आणि कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक यांच्यात मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलेलं दिसलं. तेव्हा रोज सकाळी बेचाळीस किलोमीटर धावून येणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

दुसरा आक्षेप: निसर्गाचं आहे, त्याने काय बिघडणार? धोतराही निसर्गाचाच आहे. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो आणि दाताचं वरचं कवच साडेपाचच्या खाली झिजायला लागतं. रोज घोट घोट लिंबूपाणी पिऊन लगेच ब्रशने दात घासणारा माणूस मऊ झालेलं कवच स्वतःच्या हाताने खरवडत असतो. अर्धा-पाऊण तास थांबलेलं बरं. ज्याला छातीत जळजळतं, त्याला आंबट फळांनी अनेकदा जास्त जळजळतं. आपण त्याला पित्त म्हणतो, आणि त्या पित्तावर उपाय म्हणून पुन्हा लिंबूपाणीच घेतो. ‘लिंबू पोटात गेलं की अल्कली होतं आणि रक्त शुद्ध करतं’ हे वाक्य सकाळी बागेत फिरायला येणाऱ्यांत फार चालतं. रक्ताचा पीएच 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात. एका लिंबाने तो हलत असता तर माणूस पंगतीतून उठलाच नसता. बदलते ती लघवी. तिच्यात सायट्रेट वाढतं, आणि काही प्रकारचे मुतखडे होण्याला त्यामुळे आळा बसतो. हा लिंबाचा खरा गुण आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. गंमत अशी, की क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या उलट ऑक्झलेट वाढवून खड्याला हातभार लावू शकतात. लिंबू-मधाने चरबी ‘कापली’ जाते याला मात्र पुरावा नाही. कुणाचं वजन उतरलंच तर त्याचं श्रेय बहुधा त्या पेल्यामुळे सुटलेल्या दोन चमचे साखरेच्या चहाला आहे, आणि मध सढळ हाताने घातला तर तेही नाही. शिवाय ग्रेपफ्रूट कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढवतं, आणि आपलं पपनस त्याचं सख्खं नात्यातलं. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पपनसाला हात लावू नये.

मग लिंबू खायचंच नाही का? खायचं, आणि डाव्या बाजूलाच ठेवून खायचं. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीराला सहजी लागत नाही. क जीवनसत्त्व त्याच जेवणात असेल तर जास्त लागतं. पोह्यांवर, वरणावर, मटकीच्या उसळीवर पिळलेली फोड हे काम चोख करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आढळल्या, तेव्हा हे काम किरकोळ नाही. फक्त पोह्यांच्या पाठोपाठ चहा येतो आणि चहातली टॅनिनं तेच लोह अडवून धरतात. लिंबाने कमावलेलं चहाने घालवायचं ही आपली सकाळची अर्थव्यवस्था. चहा तासभर पुढे ढकला, एवढं सांगणारा माणूस महाराष्ट्रात लोकप्रिय होणार नाही हे मला ठाऊक आहे.

संत्री-मोसंबीचं तेच. दिवसाला एखाददुसरं फळ, तेही सोलून, चोथ्यासकट. एका पेल्यासाठी तीन-चार मोसंब्या पिळल्या जातात, तंतू गाळून टाकले जातात आणि साखर तेवढी खाली उतरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर, साध्या साखरेसारखीच, मर्यादा घालण्याच्या यादीत धरते. आणि हा पेला आपण पाजतो कुणाला? दवाखान्यात खाटेवर पडलेल्याला, ज्याला नाही म्हणायचीही ताकद नसते. ज्यांची मूत्रपिंडं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, त्यांना मोसंबीचा रस जिवावर बेतू शकतो. मधुमेह्याचं तर सांगायलाच नको. म्हणून एक विनंती. कुणाला बघायला जाताना मोसंब्यांची जाळी विकत घेण्याआधी साखर किती आहे आणि किडनी कशी आहे, एवढं घरच्यांना फोन करून विचारा. उत्तर चांगलं आलं नाही तर रिकाम्या हाताने जा, आणि पाच मिनिटांत परत या.