माथेरानला ब्लॉक नकोत, चर हवेत

माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे पायी, घोड्यावर, मिनी ट्रेनने नाहीतर रिक्षाने. केंद्र सरकारने २००३ मध्ये हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, पण इथला रस्ता त्याच्याही कितीतरी आधीपासून पावलांचा आणि खुरांचा आहे. मग त्याच्या दुरुस्तीची वेळ आली की शहराच्या फुटपाथवरचा पेव्हर ब्लॉकच का आठवतो?

कारण सांगितलं जातं ते मातीच्या धुपीचं. धूप होते, खोटं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस चार महिने लाल माती ओढून नेतो आणि उरलेली उन्हाळ्यात धुरळा होऊन दुकानांत शिरते. पण चर बुजला, मोरी तुंबली की पाणी रस्त्यालाच ओढा करतं, आणि माती खरी जाते ती तेव्हा. ब्लॉक टाकून हे पाणी कुठे नाहीसं होत नाही. मुरायला जागा कमी मिळाल्याने ते जोरात धावतं आणि ब्लॉक जिथे संपतात तिथली माती कोरतं. काँक्रीटच्या ब्लॉकवर घोड्याची नाल घसरते, हे घोडेवाले आधीपासून सांगत होते. त्यांना विचारून काम काढलं असतं तर भांडण दिल्लीपर्यंत गेलं नसतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्लॉक आणि हातरिक्षा या दोन्हींवर निकाल दिला. माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. हे फार आधी व्हायला हवं होतं. भाजलेल्या मातीचे ब्लॉक फक्त दस्तुरी ते शिवाजी महाराज पुतळा या मुख्य रस्त्यावर चालतील. गावातल्या आतल्या रस्त्यांवर आणि जंगलवाटांवर नाहीत.

ही हद्द कुणी ओलांडू नये. ई-रिक्षाला सपाट रस्ता लागतो, या सबबीखाली उद्या पॉइंटांपर्यंत ब्लॉक नेण्याची मागणी येईल. ती तिथेच फेटाळली पाहिजे. रिक्षाचे परवानेही ओढणाऱ्या हातांनाच मिळाले पाहिजेत, ठेकेदाराला नव्हे. आणि नगर परिषदेने रस्त्यांचा पुढचा पैसा चर, मोऱ्या आणि उतारावरच्या दगडी बांधांवर घालावा, तोही पावसाच्या आधी.

पर्यटकांनाही एक सांगणं आहे. गाडी आत का सोडत नाही म्हणून दस्तुरीवर वाद घालू नका. चालवत असेल तर चाला, नसेल तर घोडा किंवा ई-रिक्षा घ्या, आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या.