समुद्र नसलेल्या जिल्ह्यात किनाऱ्यावर कसं फिरावं?

क्षेत्रफळात राज्यात पहिला नंबर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा: 17,048 चौरस किलोमीटर. एवढ्यात शिर्डी बसली, साखर कारखाने बसले, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाईही बसलं. समुद्र तेवढा द्यायचा राहून गेला. तरी मे महिना उजाडला की पोरं 'बीच'चा धोशा लावतात, आणि नुसत्या बीचवर भागत नाही. फोटोत मागे दीपगृहही लागतं. कोकणातल्या मुक्कामाचे भाव ऐकून ज्यांना खुर्ची धरून बसावं लागलं, अशा कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन आहे. पूर्वानुभवाची अट नाही.

पायरी 1: समुद्र निवडणे

मुळा धरण आहे, नेवासा-शेवगावच्या अंगाला जायकवाडीचा फुगवटा आहे. पण नवशिक्यांनी अकोले तालुक्यातलं भंडारदरा धरावं. संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला पोहोचायचं. वाटेत राजूरला पेढे घ्यायचे. 'येताना घेऊ' असं जो म्हणेल, त्याच्याकडे गाडीची किल्ली देऊ नये.

प्रवरेवरचं हे धरण 1910 मध्ये बांधायला घेतलं आणि 1926 मध्ये पुरं झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं म्हणून ते विल्सन डॅम, आणि मागचं पाणी आर्थर लेक. क्षमता साधारण 11 टीएमसी. पोरांनी 'याच्या पलीकडे कुठला देश?' असं विचारलं, तर रतनवाडी म्हणून सांगावं.

पायरी 2: भरती-ओहोटी समजून घेणे

खऱ्या समुद्राची भरती चंद्रावर चालते. आपल्याकडची आवर्तनावर चालते. वर पाणी सोडलं की ते प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्याला जातं, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांना लागतं आणि लाभक्षेत्रातल्या उसाला मिळतं. म्हणजे खाली ऊस तहानला की वर ओहोटी. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की त्या ओहोटीत मोर्चे, निवेदनं आणि कोर्टाच्या तारखाही असतात. तेव्हा सहलीआधी पंचांग उघडू नये. कालवा सल्लागार समितीची बैठक कधी झाली, ते पाहावं.

भरती बघायची असेल तर ऑगस्टमध्ये जावं. तेव्हा धरण काठोकाठ असतं, पायथ्याशी अंब्रेला फॉल गोल खडकावरून छत्रीसारखा उघडतो आणि घरून आणलेली छत्री वाऱ्याने उलटी होते. चालायला रुंद किनारा हवा असेल तर मे-जून. पाणी खाली गेलेलं असतं आणि एरवी बुडालेली जमीन उघडी पडते.

पायरी 3: चालणे

ही जमीन म्हणजे पुळण नव्हे. वरून भेगाळलेली, टणक दिसणारी पपडी असते. पाण्याजवळ तिच्याखाली गाळ ओलाच राहतो. काकू 'कोरडंच तर आहे' म्हणत पुढे होतात, पाय घोट्यापर्यंत आत जातो. ओढल्यावर पाय येतो, चप्पल येत नाही. मग चपलेसाठी काका, काकांसाठी भाचा, अशी साखळी तयार होते. म्हणून दगड-गोट्यांच्या पट्ट्यावरूनच चालावं आणि पाण्यात उतरूच नये. काठ कुठे एकदम खोल होतो ते वरून कळत नाही. एवढं एक वाक्य गमतीत घेऊ नये.

आजी-आजोबांसाठी सर्वांत सोपी फेरी रतनवाडीची. अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर, त्यावरचं कोरीव काम, शेजारची पुष्करणी आणि डोक्यावर रतनगड. याच डोंगरात प्रवरा उगम पावते. ज्यांना कोकणच बघायचं आहे त्यांना घाटघरच्या कोकणकड्यावर न्यावं. ढग नसतील तर खाली कोकण दिसतं. समुद्र दिसत नाही. आजोबा 'तो काय, चकाकतोय' म्हणाले, तर हो म्हणावं. जेवणाची वेळ झालेली असते.

पायरी 4: दीपगृह पेटवणे

आता मुख्य अडचण. भंडारदऱ्याला दीपगृह नाही. धीर सोडू नये. मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत सरकारी खर्चाशिवाय हजारो दिवे लागतात. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर या पट्ट्यात हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे येतात. अख्खं झाड एका दमात उजळतं आणि एका दमात विझतं.

दीपगृहाशी त्यांचं नातं वाटतं त्याहून जवळचं आहे. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय ठरलेली असते, म्हणून अंधारातही तांडेलाला आपण कुठे आहोत ते उमगतं. काजव्यांतही प्रत्येक जातीची लय वेगळी असते. नर आपल्या लयीत चमकतो, मादी ती ओळखून उत्तर देते. फरक एवढाच, की दीपगृह 'जवळ येऊ नको' असंही सांगतं.

हे दीपगृह पेटवायची रीत उलटी आहे: आपला दिवा आधी विझवायचा. हेडलाइट, टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, सगळं बंद. आपल्या उजेडात त्यांचा निरोप पोहोचत नाही आणि त्या वर्षीचं लग्न मोडतं. अभयारण्यात वनविभागाचे नियमही हेच सांगतात. झाडाखाली शिरू नये. काजव्याच्या अळ्या मातीत राहतात, गोगलगायींवर जगतात; तुडवलेल्या जमिनीतून पुढच्या वर्षीचे दिवे उगवत नाहीत. काजवा बाटलीत भरून घरी नेणाऱ्या मुलाला बाटलीसकट समज द्यावी. बापाला वेगळी द्यावी, कारण बाटली त्यानेच रिकामी करून दिलेली असते.

नेहमीच्या शंका

*फोटो येत नाही, काय करावं?* बघावं.

*नेटवर्क नाही.* म्हणूनच सगळे एकमेकांशी बोलत आहेत. घाबरू नये.

*मासे मिळतील का?* शेंडीत तळलेले मिळतात. गोड्या पाण्यातले आहेत. पापलेट मागून मालकाला अडचणीत टाकू नये.

पुढची इयत्ता

वरील चारही पायऱ्या चप्पल न गमावता पूर्ण केलेल्या कुटुंबाने मग खुशाल रत्नागिरीला जावं. तिथे खरं दीपगृह आहे, खरा समुद्र आहे. फक्त आधी घरच्यांना नीट समजावून न्यावं: तिथलं पाणी दिवसातून दोनदा आपोआप चढतं आणि दोनदा आपोआप उतरतं. आवर्तन कुणी सोडलं, आपल्या चारीला कधी येणार आणि वरच्यांनी किती अडवलं, असं काठावरच्या कोळ्याला विचारत बसू नये.