लडाखच्या नावानं चांगभलं!

पहिली मोटरसायकल घेणाऱ्या पुणेकर तरुणाचा रोजचा प्रवास कोथरूड ते हिंजवडी. गाडीची निवड मात्र खारदुंग-लासाठी. कधीतरी आठ दिवस लडाखला जायचं, म्हणून बाकी वर्षभर चांदणी चौकात क्लच दाबून जवळपास दोनशे किलोंचं धूड सावरायचं. शेजारच्या फटीतून दूधवाले काका दोन कॅन लटकवून स्प्लेंडरवर आरामात निघून जातात.

शोरूममध्ये चिरंजीव टॉर्क विचारतात, वडील ‘ॲव्हरेज’ विचारतात आणि आई विचारते, ‘मागं बसलं तर धरायला काही आहे का?’ तिघांत तांत्रिक प्रश्न तेवढा आईचाच. पाय जमिनीला टेकतात का, हे कुणीच विचारत नाही. ते पुढं चढावरचा सिग्नल विचारतो.

लांबच्या सफरीचं म्हणाल, तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीच्या ७०१ किलोमीटरवरही बंदी. मग ती अफाट ताकद जुन्या खंडाळा घाटात ट्रकच्या धुरामागं रांगते. सव्वाशे सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, हे बरं; कारण डोक्याची काळजी घ्यायला पैसे उरलेले नसतात. ते क्रॅश गार्ड, पॅनिअर आणि गडगडाटी सायलेन्सरवर संपतात. हेल्मेट पदपथावरचं, घासाघीस करून घेतलेलं.

दीडशे सीसीची साधी गाडी रोज ऑफिसला पोचवते, सुट्टीत महाबळेश्वरलाही नेते. तिच्यात उणीव एकच : तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढावासा कुणाला वाटत नाही.