श्रीयुत आराखडे यांस, कोगनोळीहून

रा. रा. जिल्हा विकास आराखडे,
मुक्काम बेळगाव, तालुका कपाट, जिल्हा धूळ.



पत्र उघडंच लिहितोय, कारण बंद पाकिटातली आमची निवेदनं तुम्ही वाचल्याचं ऐकिवात नाही. त्यांवर 'आवक' असा शिक्का बसतो एवढं मात्र खरं, आणि त्याबद्दल गाव तुमचं ऋणी आहे.

आधी अभिनंदन. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक अशा तिन्ही अंगांनी जिल्ह्याचा विकास करायचा म्हणून तुम्ही पुन्हा कंबर कसलीत म्हणे. तेरा हजार चौरस किलोमीटरच्या वरचा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर माणसं, एका टोकाला अथणीचा कोरडा माळ तर दुसऱ्या टोकाला खानापूरचं जंगल. या सगळ्याची पुढच्या वीस वर्षांची दिशा चहा-बिस्किटांसह एका बैठकीत ठरवायची म्हणजे खायचं काम नाही. बिस्किटं खायची ती वेगळी.

तक्रार एवढीच की तुमच्या नकाशात जग कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या दूधगंगेच्या पुलावर संपतं. आम्ही पुलाच्या अलीकडे राहतो आणि आमचा दिवस पुलाच्या पलीकडे सुरू होतो. कोल्हापूर आम्हाला तीस किलोमीटरच्या आत, आणि तुमचं बेळगाव ऐंशीच्या पुढे. सकाळी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडे जाणारा पोरगा, कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्याला निघालेली म्हातारी, पलीकडच्या कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर, पलीकडे दिलेली लेक. यातलं एकही माणूस तुमच्या तक्त्यात बसत नाही. ती सगळी तुमच्या दृष्टीनं जिल्ह्याबाहेर गेलेली असतात आणि संध्याकाळी, तुमचं कार्यालय बंद झाल्यावर, परत येतात.

तुम्हाला कोगनोळी माहीतच नाही असा आरोप मी करणार नाही. टोल नाका म्हणून आम्ही पुण्यापासून बंगळुरूपर्यंत प्रसिद्ध आहोत. बंदोबस्त लावायला तर आमच्याइतकं सोयीचं गाव नाही. २०२१ मध्ये इथेच आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय पलीकडून पाखरू आत येत नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावकडे निघालेल्या कोल्हापूरच्या पुढाऱ्यांना इथेच अडवलं. दोन सरकारं भांडली की दोन्हीकडच्या एसट्या बंद. डिसेंबर २०२२ ला झालं, फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा झालं. त्या दिवसांत कॉलेजची पोरं आणि दवाखान्याची माणसं सामान डोक्यावर घेऊन काय करतात, हे तुमच्या 'दळणवळण' या प्रकरणात कुठल्या पानावर आहे, तेवढं कळवा. बॅरिकेडवर खर्च करताना आम्ही सीमेवर आहोत हे तुम्हाला बरोबर आठवतं. बाकीच्या रकान्यांत मात्र विसर पडतो.

आता तुमच्या तिन्ही अंगांकडे वळू.

आर्थिक अंग पहिलं. तुम्ही म्हणता, पीकपद्धती बदला. बदलली की साहेब. या भागाची ओळख विडीची तंबाखू. १९८१ मध्ये तिला भाव मागत शरद जोशींबरोबर शेतकरी निपाणीजवळ याच पुणे-बंगळुरू महामार्गावर बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या वेळी रस्ता अडला म्हणून तरी सरकारला शेतकरी दिसला. आता तंबाखू कमी होत चाललीय आणि शिवारात ऊस उभा आहे. तो ऊस कुठे जातो? ज्याची तोड वेळेवर आणि ज्याचा दर बरा, त्याच्याकडे. निपाणीला हालसिद्धनाथ कारखाना आहे, पलीकडे कागलचा शाहू आहे, हुपरीचा जवाहर तर बहुराज्य सहकारी. उसाला सीमा कळत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आपला ऊस राज्याबाहेर जाऊ द्यायचा नाही असा हुकूम काढून पाहिला, आणि शेतकरी संघटना उठल्यावर काही दिवसांत मुकाट्यानं मागे घेतला. पलीकडचे आराखडेसुद्धा तुमचेच भाऊबंद, हे आम्ही जाणतो.

उद्योगाचंही तेच. वीजदरावरून चिडलेले कोल्हापूरचे कारखानदार एकेकाळी कर्नाटकात यायची भाषा करत होते आणि तवंदीच्या बाजूच्या जागेची चर्चा रंगली होती. त्यांना बोलवायला अलीकडचे पुढे, अडवायला पलीकडचे पुढे. पण हुपरीच्या चांदीचं काम सीमेच्या दोन्ही अंगांच्या गावांत घरोघर चालतं. त्या कारागिराला कर्ज कुठल्या जिल्ह्यानं द्यायचं, त्याची नोंद कुठल्या जिल्ह्यानं ठेवायची, यावर कुणाची बैठक झाली का? एमआयडीसीत कंत्राटावर लागलेल्या पोराला अपघात झाला तर तो तिकडे परराज्यातला आणि इकडे परराज्यात कामाला गेलेला. आकडा कुठेच लागत नाही, म्हणून दोन्हीकडे बेरोजगारी हटली असं दाखवता येतं. ही सोय मात्र तुम्ही फार हुशारीनं केलीत.

सामाजिक अंगाकडे वळतो. निपाणीच्या पोरांचं देवचंद कॉलेज १९६० सालचं. ते आहे अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आणि शिवाजी विद्यापीठाखाली. निपाणीतून चालत निघालेला पोरगा बी. ए. करायला परराज्यात पोहोचतो. आता पोरं एका राज्यात राहणार आणि दुसऱ्या राज्यात शिकणार, तर बसचा पास, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला या सगळ्याचं काय? 'शिक्षण' या मथळ्याखाली तुम्ही शाळांच्या खोल्या मोजता आणि पुलावर येऊन थांबता.

आरोग्याचा तर तमाशाच झाला. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू केली. लगेच कर्नाटकाला स्वाभिमानाची आठवण झाली आणि आमच्या हद्दीत तुमची योजना कशी, म्हणून कडाडून विरोध झाला. आमचं म्हणणं एवढंच होतं की छातीत कळ आली की माणूस जवळच्या दवाखान्यात जातो. जवळचा दवाखाना कोल्हापूरला आहे, यात स्वाभिमान कुठे आला? एका सरकारनं योजना द्यायची तर राजकारणासाठी आणि दुसऱ्यानं अडवायची तीही राजकारणासाठी. पेशंटचा विचार केल्याची चूक दोघांपैकी एकाच्याही हातून झाली नाही.

आणि भाषा. जिल्ह्यात मराठी बोलणारे २०११ च्या मोजणीत सुमारे अठरा-एकोणीस टक्के. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशानं मान्य केलेलं जुनं संरक्षण. घटनेत ३५० अ आणि ३५० ब ही कलमंही भाषिक अल्पसंख्याकांसाठीच घातलीत. मराठीतून कागद द्या म्हणून बेळगावात मोर्चे निघतात ते उगीच नव्हे. कन्नडवर आमचा राग नाही, पोरं ती शिकतात आणि बोलतात. पण ज्या माणसाच्या शेतातून तुम्ही रस्ता काढणार, त्याला तो रस्ता त्याच्या भाषेत वाचता आला तर रस्ता वाकडा होतो का? सीमेवरच्या माणसाचं ऐका, हे कोल्हापूर-सांगलीच्या बाजूलाही सांगायला हवं. जत तालुक्याच्या पूर्वेकडची गावं पाण्यासाठी कंटाळून कर्नाटकात जायची भाषा २०२२ मध्ये करत होती, ती काही हौसेनं नव्हे. तिकडेही एक आराखडे बसलेले आहेत.

सांस्कृतिक अंग तुमचं सर्वांत लाडकं, कारण त्यात एक सांस्कृतिक भवन आणि एक कमान बांधली की विषय मिटतो. इथली संस्कृती कशी चालते ते सांगतो. शेजारच्या कुर्ली-आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची यात्रा भरते, दोन्ही राज्यांतली माणसं भंडाऱ्यात न्हाऊन निघतात आणि नाथांची भाकणूक ऐकायला रात्र जागवतात. पाऊस, पीक, भाव, राज्यकारभार, सगळ्यावर भाकीत होतं. तुमच्यासारखीच तीही पुढच्या काळाची गोष्ट करते, फक्त तिला श्रोते असतात आणि ती लोकांना समजते. कारदग्याला मराठी साहित्य संमेलन भरतं ते गावकऱ्यांच्या जिवावर. निपाणीचे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत विडी कामगार, ड्रायव्हर, हमाल यांच्या कथा-कादंबऱ्या लिहीत राहिले आणि २०२४ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांत या सीमेची जेवढी माहिती आहे, तेवढी तुमच्या परिशिष्टांत नाही.

आता तुम्हाला जन्म कोण देतं तेही बोलू. घटनेच्या २४३ झेडडी कलमानं जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे, आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यातून निवडायचे आहेत. छान. पण कर्नाटकात जिल्हा पंचायतीची निवडणूक झाली २०१६ ला, मुदत संपली २०२१ ला, आणि त्यानंतर वर्षांमागून वर्षं निवडणुकीविना गेली. पलीकडे कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि तिथेही कित्येक वर्षं प्रशासकाचं राज्य चाललं. म्हणजे लोकांच्या योजनेत सगळं होतं, तेवढे लोकांनी निवडलेले लोक राहिले. ग्रामपंचायतीच्या विकास योजनेसाठी घटनेच्या अकराव्या परिशिष्टात २९ विषय मांडून ठेवलेत, आणि गावोगाव त्यातले गटार, काँक्रीट आणि पथदिवे एवढेच शिल्लक राहतात. कारण बाकीच्या विषयांना पुलापलीकडे विचारावं लागतं, आणि विचारायची पद्धत नाही.

'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' असं तुम्ही म्हणाल, ते मला ऐकू येतंय. १९५६ ला रेषा पडली. १९६७ ला महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं, बेळगाव कर्नाटकात ठेवा म्हटलं, महाराष्ट्रानं अहवाल नाकारला आणि गठ्ठा बांधून ठेवला गेला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. गाव कुठल्या राज्याचं, हा प्रश्न न्यायालयाचा. गाव कसं जगतं, हा प्रश्न तुमचा. पहिल्याच्या आड लपून दुसरा टाळायचा, हे तुमचं सत्तर वर्षांचं खरं नियोजन.

दोन राज्यांनी मिळून आखणी करता येत नाही असंही म्हणू नका. दिल्लीभोवती १९८५ च्या कायद्यानं राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ झालं. त्यात दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान एका नकाशावर बसतात. जर्मनी आणि नेदरलँड्स, म्हणजे एकानं दुसऱ्याच्या घरावर रणगाडे घातलेले देश. त्यांच्या सीमेवरच्या गावांनी १९५८ ला 'युरेजिओ' नावानं एकत्र काम सुरू केलं. आमच्याकडे तर ज्या १९५६ च्या कायद्यानं रेषा आखली, त्याच कायद्यानं विभागीय परिषदाही दिल्या. सीमातंटे, भाषिक अल्पसंख्याक, आंतरराज्य वाहतूक हे त्यांचे विषय. योजना एवढी नेमकी की आज महाराष्ट्र पश्चिम विभागात बसतो आणि कर्नाटक दक्षिणेत. ज्यांनी एकमेकांशी बोलायचं, त्यांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवण्याचं कसब तुमच्याच घराण्याचं.

पूर आला की मात्र तुम्हाला बोलता येतं. २०१९ च्या पुरानंतर अलमट्टी धरणाच्या विसर्गावरून दोन्ही राज्यांचे अधिकारी एकमेकांना फोन करायला शिकले. २०२१ च्या जुलैत वेदगंगेनं यमगर्णीला महामार्ग बंद केला, तेव्हा अलीकडची आणि पलीकडची वाहनं सारखीच खोळंबली. दूधगंगेचा प्रकल्पही दोन राज्यांचा. सुळकूडमधून इचलकरंजीला पाणी न्यायचं ठरलं तेव्हा नदीकाठ पेटला. नदी एक, आराखडे दोन, मग भांडण ठरलेलंच.

तेव्हा नव्या आराखड्यात काय घालायचं ते फुकट सांगतो, सल्लागाराची फी वाचेल. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हा प्रशासनांची एक सीमाभाग नियोजन बैठक, वर्षातून दोनदा, आणि तिची टिपणं कन्नडमध्येही आणि मराठीतही. पुलापलीकडे शिकणाऱ्या, काम करणाऱ्या आणि उपचार घेणाऱ्या माणसांची एकदा खरी मोजणी. भांडणाच्या दिवसांतही चालू राहतील अशा पाच-दहा एसटी फेऱ्या. आणि आरोग्य योजनेचं कार्ड दोन्हीकडच्या दवाखान्यांत चालावं असा साधा करार. यासाठी एक इंचही जमीन इकडची तिकडे होत नाही. म्हणूनच बहुधा कुणाला यात रस नाही.

बाकी क्षेम. सांस्कृतिक भवनाची कमान मंजूर झाली तर तिचं तोंड पुलाच्या दिशेला ठेवा, आमची माणसं रोज तिकडूनच येतात.

कळावे, लोभ आहेच, तो तुम्ही कधी मोजला नाहीत एवढंच.

आपला,
दोन राज्यांच्या याद्यांत असलेला आणि एकाही आराखड्यात नसलेला,
कोगनोळीचा एक लाभार्थी