आत्याला बोलतं कसं करावं (आणि काकांना गप्प)

पानशेतच्या पुराच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं तुम्ही ठरवलंत, याबद्दल प्रथम अभिनंदन. या विषयाला पुण्यात साक्षीदारांचा तुटवडा नाही. १२ जुलै १९६१ला सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि मुठा पेठांत शिरली. हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे आहेत. पण पूर इतका लोकप्रिय, की १९६४ साली जन्मलेले प्रत्यक्षदर्शीही मुबलक सापडतात. म्हणून पहिला प्रश्न जन्मसालाचा. तो विचारताना आवाज मात्र रेशन ऑफिसातला नको.

जाण्याआधी अभ्यास करावा. पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीचं काम अपुरं असतानाच धरणात पाणी साठलं, बांध खचू लागला, जवानांनी रात्रभर पोती रचली. पुढे चौकशीला बावडेकर आयोग आणि न्यायमूर्तींच्या मृत्यूनंतर नाईक आयोग. हे सगळं पाठ करावं आणि मग घरीच ठेवून जावं. कारण तुम्ही तोंडातून ‘पोती’ काढलीत, की पाचव्या मिनिटाला ती पोती काकांनी स्वतःच्या पाठीवर वाहिलेली असतात. काका खोटं बोलत नाहीत हो. साठ वर्षं वर्तमानपत्रांचे जुलै महिन्यातले अंक वाचून माणूस जिथे नव्हता तिथेही प्रामाणिकपणे हजर होतो.

सामग्री अशी : मोबाइल, त्याखाली घडी घातलेला टॉवेल, चार्जर, आणि स्वतःचं मिटलेलं तोंड. पंखा बंद करावा, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्याव्यात. चिवडा नंतर. पहिल्यांदा मी हा नियम मोडला, आणि आज त्या ध्वनिफितीत लकडी पूल पाण्याखाली जातो तेव्हा कुणीतरी कुरुम् कुरुम् खातं आहे.

आता सर्वांत अवघड भाग. नवरा-बायकोंची मुलाखत एकत्र घेऊ नये. आमच्या आत्याने “सकाळी पाणी आलं तेव्हा” एवढं म्हटलं, की काका “किती वाजता ते सांग” म्हणतात आणि पुढची वीस मिनिटं घड्याळावर जातात. काकांना दूध आणायला पाठवावं. दूध घरात असेल तर पेढे. काकांची बैठक वेगळ्या दिवशी घ्यावी आणि टेप सोबत न्यावी. ध्वनिमुद्रणाची नव्हे, मोजायची. काकांच्या सांगण्यात पाणी अजून चढतं आहे. माझ्या लहानपणी ते ओट्यापर्यंत होतं, मुंजीच्या सुमारास जिन्याच्या मधल्या पायरीला लागलं, गेल्या दिवाळीत माळ्यावर गेलं. जुन्या भिंतींवर कुठे कुठे पुराच्या पातळीची खूण आणि तारीख कोरलेली असे. अशी भिंत उभी असेल तर मोजून घ्यावी. भिंत पाडून तिथे सोसायटी झाली असेल, तर काकांचा शब्द अखेरचा.

“तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” हे विचारूच नये. “काय वाटणार?” असं उत्तर येतं आणि वर तुमच्या शिक्षणाचा खर्च निघतो. त्याऐवजी विचारावं, “शेगडीवर काय होतं?” मी हे विचारल्यावर आत्या एकदम नारायण पेठेतल्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. शेगडीवर दूध होतं. ते तिने आधी उतरवलं, झाकलं, वर वाटी उपडी घातली मांजरीसाठी, आणि मग मुलाला कडेवर घेऊन बाहेर पडली. दुसऱ्या हातात दळणाचा डबा. दागिने घरातच. “दळण का?” तर म्हणे, “हाताशी होतं.” इथे गप्प बसावं. मी बसलो. मग ती म्हणाली, “खऱ्या पाण्यात मी चालत गेले. धावले ती खोट्या पाण्यात.” पूर ओसरल्यावर पुन्हा पाणी आल्याची आवई उठली आणि माणसं पर्वतीच्या दिशेने पळत सुटली, ती धाव. त्यात तिची एक चप्पल गेली. पुराने तिची चप्पल नेली नव्हती.

तारखा जन्मांवरून लावाव्यात. “धाकट्याला दात येत होते” हे कुठल्याही पंचांगाइतकं भरवशाचं, फक्त धाकट्याला समोर बसवू नये.

साक्षीदार भरकटला तर अडवू नये, हा पुढचा नियम; तो पाळल्यामुळेच मी घंगाळापाशी पोचलो. खडकवासला रिकामं झालं म्हणून शहराचे नळ कोरडे पडले. आत्याने सदाशिव पेठेत मैत्रिणीकडे आसरा घेतला होता. तिच्या वाड्यापर्यंत पूर पोचला नव्हता, वाड्यात विहीर होती, पण पाणी साठवायला भांडी नव्हती. तेव्हा चिखलातून उपसून काढलेलं माहेरचं तांब्याचं घंगाळ आत्याने तिथे नेलं. नळाला पाणी आलं, आत्या परतली, घंगाळ राहिलं. “हे आलंय ना त्यात?” तिने मोबाइलकडे बोट दाखवून तीनदा विचारलं.

एका साक्षीदाराचं बोलणं दुसऱ्याला कधीही ऐकवू नये. मी ऐकवलं. मैत्रीणमावशींनी डोळे मिटून सगळं ऐकलं, दुधाशी मान डोलावली, चपलेशी हसल्या, आणि घंगाळाशी डोळे उघडले. त्यांची मुलाखत एक तास चाळीस मिनिटांची आहे. पूर त्यात अकरा मिनिटं आहे. घंगाळ त्यांच्या लग्नातलं असल्याचं त्यांनी नीट, तारखेसह नोंदवलं.

तोंडी पुरावा वस्तूशी ताडून पाहावा, या नियमाला धरून मी मावशींच्या माळ्यावर चढलो. भांड्यावर नाव घातलेलं होतं. साठ वर्षं चिंचेने घासून ते गेलंय. ‘सौ.’ तेवढं वाचता येतं.